गोदूबाईच्या खाचरातलं पाणी

कर्जतच्या बाजारपेठेत डॉक्टर चौबळांच्या दवाखान्यात मी तेवीस वर्षं कंपाउंडर आहे. तेवीस वर्षं उभा आहे म्हटलं तरी चालेल, कारण बसायला जे स्टूल आहे त्यावर पहिल्या दिवसापासून औषधांचे खोके आहेत. लोक मला मधूभाऊ म्हणतात. खिडकीतून रिकामी बाटली आत सरकवताना सगळ्यांचं एकच पालुपद असतं, "मधूभाऊ, जरा लवकर, गाडी जाईल." त्यांना गाडी असते. मला नसते. म्हणून असेल, पण राग मला यायचा. मी चिडका माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून गोडव्याची अपेक्षा करायला नको.

सांगायचंय ते गोदूबाईबद्दल. कोंडाण्याच्या वाटेवर एक गाव आहे, एसटी अर्ध्यात सोडते आणि पुढं पाऊण तास चालावं लागतं, तिथली ती. नवरा लवकर गेला. गजा नावाचा एकच मुलगा, तो खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर. तिथंच शिळफाट्याला दोघातिघांत खोली करून राहायचा आणि सुट्टीला गावी यायचा. घरी सून मैना आणि दोन नातवंडं. चार खाचरं भाताची. एवढाच तिचा पसारा.

पण त्या चार खाचरांमुळं आसपासच्या गावांत तिचं नाव होतं. भातखाचराचे बांध खेकडे पोखरतात. वरून काही दिसत नाही, आत बोटभर बीळ असतं, आणि भरलेलं खाचर दोन दिवसांत रिकामं होतं. पुरुष मंडळी कुदळ घेऊन बांध उकरत बसायची. गोदूबाई अनवाणी बांधावरून चालायची, तळव्याला गार लागलं की थांबायची, वाकून कोपरापर्यंत हात घालायची, आणि खेकडा बाहेर. मग गवत आणि चिखल कालवून बीळ बंद. दुसऱ्यांच्या बांधावरही तिला बोलावणं यायचं.

पकडलेले खेकडे घेऊन ती मंगळवारी कर्जतच्या बाजारात बसायची. उठताना उरलेले पानांत बांधून दवाखान्यात आणायची. डॉक्टर चौबळ ते मिटक्या मारत खायचे. आमच्या घरात असलं काही चालत नाही हे तिला पक्कं माहीत, तरी दर खेपेला खिडकीशी वाकून हळूच म्हणायची, "न्या की भाऊ, कोन बघतंय?" आणि मग स्वतःच एवढ्यानं हसायची की बाकावरचे पेशंट खोकायचे थांबायचे. मी वर न बघता म्हणायचो, "गोदूबाई, पुढं व्हा, गर्दी आहे." आता वाटतं, एकदा तरी हसलो असतो.

सत्त्याहत्तर सालच्या आषाढात, ऐन लावणीत, ती बांधावर बसली ती उठेना. पाय पाण्यात, हातात आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी तशीच. मैनानं हाक मारली, बायांनी हलवलं, शेवटी दोघींनी धरून घरी आणलं. तेव्हापासून ती ओटीच्या कोपऱ्यात बसून राहू लागली. जेवण पुढं ठेवलं तर दोन घास, तेही मैना रागावली तर. रात्री झोप नाही, दिवसा हालचाल नाही. गावानं जे करायचं ते करून पाहिलं. श्रावणात गजा तिला घेऊन आमच्याकडं आला तेव्हा कपाळावर अंगाऱ्याचे तीन दिवसांचे थर होते आणि अंग उतरल्यामुळं लुगडं कमरेला दोनदा जास्त गुंडाळून घेतलेलं.

"डॉक्टर, आमची भावकी म्हनते ठान्याला ठेवा," गजा म्हणाला. ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. आमच्याकडं नुसतं ठाणं म्हटलं की पुरतं. "मी म्हनलं, एकदा कर्जतला दावतो. हितं नाय झालं तर मंग ठानं. मी पाळीवर, बायको एकली, दोन पोरं. मी तरी काय करू?" तो वाईट मुलगा नव्हता. रात्रपाळी करून सरळ आला होता आणि बसल्या जागी त्याचे डोळे मिटत होते.

डॉक्टरांनी तिला तपासलं, रक्त तपासलं, छाती बघितली. कुठंच काही नाही. "गोदूबाई, काय दुखतंय?" त्यांनी विचारलं.

जमिनीकडं बघतच ती म्हणाली, "दुखत काय नाय. आटलंय."

डॉक्टरांनी इमिप्रामिन लिहून दिलं. लहानशी तपकिरी गोळी, वरून साखरेचा लेप. तोवर आमच्या कपाटात ही गोळी क्वचितच असायची. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर डॉक्टर मला ती समजावून सांगायला लागले. रविवारभर जाडजूड मासिकं वाचायची आणि सोमवारी कुणाला तरी सांगायची, ही त्यांची सवय. घरी कुणी ऐकून घ्यायचं नाही. मी पगारी नोकर.

"हे बघ मधू," ते म्हणाले, "मेंदूतल्या एका पेशीला दुसरीला काही सांगायचं असतं, तेव्हा दोघींच्या मध्ये एक बारीकशी फट असते. पहिली पेशी त्या फटीत एक द्रव्य सोडते. अशी द्रव्यं बरीच आहेत, त्यातल्या एकाला सेरोटोनिन म्हणतात. ते पलीकडं पोचलं, निरोप मिळाला, की फट रिकामी व्हायला पाहिजे. नाहीतर तोच निरोप वाजत राहील. म्हणून पहिली पेशी ते द्रव्य परत आत ओढून घेते. त्यातलं काही पुन्हा वापरायला ठेवते, उरलेल्याचा आत चुरा होतो, त्या कामाला वेगळं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. आता ही गोळी काय करते, तर परत ओढून घेणारी तोंडं बुजवते. द्रव्य फटीत जास्त वेळ टिकतं."

"म्हणजे गोळी नवीन काही घालत नाही?"

"थेंबसुद्धा नाही. आहे तेच टिकवते. दुसऱ्या जातीची एक गोळी आहे, ती चुरा करणाऱ्या विकरालाच अडवते. ती सापडली क्षयाच्या औषधावरून. तिकडं अमेरिकेत रोगी खोकत होते ते खोकत होतेच, पण वॉर्डात हसायला-नाचायला लागले. पण तिला पथ्य भारी. सुकवलेली मासळी बंद. आपल्याकडं कोण पाळणार?"

"मग आज घेतली की उद्या फरक?"

"तीच तर मेख आहे. तोंडं पहिल्याच दिवशी बुजतात. माणूस उठायला मात्र दोन-तीन आठवडे. असं का, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. गोदूबाईचं तेच द्रव्य कमी पडलंय असंही छातीठोक सांगता येत नाही, मधू. गोळीनं माणसं उठतात, एवढं खरं."

मला हे सगळं त्या दिवशी फार आवडलं. आवडलं कारण ऐकता ऐकता मला खेकड्यांची बिळं दिसली. संध्याकाळी गजा तिला घेऊन खिडकीशी आला तेव्हा मी बाहेर येऊन तिच्यासमोर उकिडवा बसलो, जे मी सहसा कुणासाठी करत नाही.

"गोदूबाई, तुमच्या डोक्यात एक खाचर आहे," मी म्हटलं. "त्याच्या बांधाला खेकड्यांनी बिळं पाडलीत. पाणी येतं, पण टिकत नाही. ही गोळी बिळं बुजवते. नवं पाणी घालत नाही, आहे ते राखते. आणि पाणी राहिलं म्हणून भात काही दुसऱ्या दिवशी पोसत नाही. वीस दिवस धीर धरा."

दोन महिन्यांत तिनं पहिल्यांदा मान वर केली. "चिंबोरी डोक्यात?"

"डोक्यात."

तिनं हात पुढं केला. मी पुडी तिच्या तळव्यावर ठेवली.

आठव्या दिवशी गजा एकटाच आला. "इंजेक्शन द्या. गोळीनं काय होत नाय. आय नुस्ती पेंगते, तोंड सुकलं म्हनते, परसाकडला व्हत नाय." मी त्याला फाडकन म्हणालो, तोंड सुकणार, झोप येणार, पोट धरणार, गोळीचे हे गुण आधी दिसतात आणि खरा गुण मागून येतो. आणखी डोस वाढवायचाय, पळ काढू नकोस. जाता जाता तो म्हणाला, "आय विचारते, डोस्क्यात पानी साठवायला तोंडाचं कशाला पळिवलं?" त्याला हसू येत नव्हतं, मला मात्र आलं. बाई विचारायला लागली होती.

अठराव्या दिवशी मैनानं अंबाडीची भाजी वाढली आणि गोदूबाई म्हणाली, "मीठ कमी हाय." मैना मला नंतर सांगत होती की ती चुलीपाशी जाऊन रडली. गणपतीत गोदूबाई अंगणात आली, पितृपक्षात बांधावर. दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी ती बाजारात बसली आणि उठताना खिडकीशी वाकली. "न्या की भाऊ, कोन बघतंय?"

डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मग काय विचारता! पुढच्या दोन महिन्यांत त्या गोळीचे आणखी चार-पाच रोगी आले, प्रत्येकाला मी खाचर आणि खेकडे सांगितले. मास्तर लोकांनासुद्धा सांगितले, ज्यांनी जन्मात चिखलात पाय घातला नव्हता. घरी अनसूयेला, म्हणजे माझ्या बायकोला, जेवताना दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "भात गार होतोय तुमचा." मी इतका फुगलो होतो की दिवाळीनंतर गोदूबाईची पुडी न्यायला कुणी आलं नाही, हे दिसूनही मी विचारलं नाही. गजा खोपोलीहून घेत असेल, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर तो तापाच्या साथीचा हंगाम होता, खिडकीला रांग होती, आणि एक पुडी कमी बांधायची आहे याचं मला बरंच वाटलं. ही गोष्ट मी स्वतःला अजून माफ केलेली नाही.

मार्गशीर्षात गजा खिडकीशी आला. काही मागितलं नाही. "आय परत बसली," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर गावी गेलो. ओटीवर त्याच कोपऱ्यात गोदूबाई होती, पण श्रावणात होती त्याहून वाईट. डोळे उघडे आणि आत कुणी नाही. मैना म्हणाली, तीन दिवस पेजेपलीकडं पोटात काही नाही. मी विचारलं, गोळ्या? मैनानं सासूकडं बघितलं. गोदूबाईनं हनुवटीनं आत दाखवलं. बियाण्याच्या कणगीमागून मैनानं एक पत्र्याचा डबा आणला. डब्यात कडुलिंबाचा पाला, पाल्यात फडकं, फडक्यात माझ्या हातच्या चार पुड्या. एकही फोडलेली नव्हती.

"ह्या काय ठेवल्यात?" मी विचारलं.

"पुडच्या वर्साला," ती म्हणाली. आवाज इतका हळू की मला जवळ सरकावं लागलं. "बियान्यासंगं ठेवल्या. कीड नको."

"पण बंद का केल्या?"

तिला माझा प्रश्नच कळला नसावा. एकेक शब्द उचलून ठेवावा तसं ती बोलली. "भाऊ, तुमीच सांगलं. बीळं बुजवली, पानी ऱ्हायलं, भात पोसलं. दसऱ्याला मला बरं वाटलं. म्हंजे पिकलं का नाय? पिकलं का पानी काडायचं. न्हाय काडलं तर भात लोळतं, दाना काळा पडतो. म्या बांध फोडला."

गजा माझ्याकडं बघत होता. मैनाही. मी मान खाली घातली. कापणीच्या आधी खाचरातलं पाणी काढून टाकतात, हे त्या तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी खाचर म्हणालो ते खिडकीतून दिसतं तेवढंच. तिनं खाचर ऐकलं ते लावणीपासून कापणीपर्यंत सगळं ऐकलं. एवढी वर्षं मी खिडकीत उभा राहून लोकांना अडाणी म्हणत आलो. त्या दिवशी ओटीवर अडाणी मी एकटा होतो, आणि माझ्या अडाणीपणानं एक बाई उपाशी बसली होती. शरम वाटली, अशी की उठून चालायला लागावं.

गजानं मला अंगणात नेलं. "सोमवारी ठान्याला नेतो," तो म्हणाला. "मला रागावू नका. मैनाला झोप नाय, म्हातारीला एकली सोडवत नाय. पोरं भितात."

"तीन आठवडे दे," मी म्हटलं.

"मागल्या टायमाला पन तुमी तेच बोलला."

"मागच्या वेळी गोळी चुकली नव्हती गजा. माझं सांगणं चुकलं होतं. तीन आठवडे माझ्या चुकीचे दे. मग उठली नाही तर मी स्वतः तुझ्याबरोबर ठाण्याला येतो."

त्यानं एकदा ओटीकडं बघितलं. मग म्हणाला, "तीन. चवथा नाय." आणि सुट्टी संपत आली म्हणून तिथूनच शिळफाट्याकडं निघाला.

सोमवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते चष्मा काढून पुसत बसले. "मी तरी तुला कुठं पुरतं सांगितलं?" ते म्हणाले. "गोळी कशी लागू होते ते सांगितलं. कधी थांबवायची ते बोललोच नाही. बरं वाटल्यावरही बरेच महिने द्यावी लागते, वर्षभर म्हण. आणि सोडायची तर थोडी थोडी कमी करत. तू खाचराचं म्हणालास ते मलाही आवडलं होतं. आपण दोघं त्यातच रमलो."

डब्यातल्याच पुड्या फोडून आठवडाभर मैना रोज गोळी देत होती. रविवारी मी गेलो. गोदूबाई तशीच. मी म्हटलं, "ते भाताचं विसरा. ह्याचं पाणी काढायचं नसतं." तिनं विचारलं, "मंग मी काय हाय?" एवढा बोलका माणूस मी, पाऊण तास चालत एसटीपर्यंत आलो तरी उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या रविवारी तिनं मला ओळखल्यासारखं केलं, पण बोलली नाही. गजा आला होता. ओटीवर एक पिशवी भरून ठेवलेली दिसली, तिच्यात दोन लुगडी, चोळ्या, एक तांब्या. मी पिशवीकडं बघितलं आणि त्यानं माझ्याकडं. परतताना वाटेवर बसलो, उठावंसं वाटेना, एसटीनं हॉर्न दिला म्हणून उठलो.

तिसऱ्या रविवारी मी गेलो ते ठाण्याला जायच्या तयारीनंच. अनसूयेनं डबा दिला होता, ती म्हणाली होती, "गेलात तर संध्याकाळ होईल." अंगणात गजा बसला होता, पायाशी पिशवी. ओटीचा कोपरा रिकामा.

"कुठं आहे?"

त्यानं घरामागं बोट दाखवलं. मागं न्हाणी, म्हणजे चार झापांचा आडोसा आणि एक दगड. न्हाणीचं पाणी जिथं वाहतं तिथं कंबरभर अळू माजलं होतं. गोदूबाई त्याच्यापाशी उभी होती. केस विंचरलेले नव्हते, एका हातानं झाप धरला होता, पण उभी होती. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वळवली.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्याचं पानी कोन काडतं का?"

"अळवाचं? नाही. कोण काढेल?"

"उनाळ्यात पन?"

"उन्हाळ्यात पण. न्हाणीचं पाणी आहे, रोजचं."

ती पुन्हा अळवाकडं वळली. "मंग मी भात नाय," ती म्हणाली. "मी अळू हाय. पानी थोडं लागतं पन रोज लागतं. आसं सांगायचं व्हतं तर पयलंच सांगायचं की, भाऊ."

मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही. मागं गजा येऊन उभा होता. तो परत गेला आणि ओटीवर पिशवी उपडी केल्याचा, तांब्या घरंगळल्याचा आवाज आला. गोदूबाईनं वाकून दोन पानं खुडली आणि मैनाला हाक मारली, "अगं ए, फदफदं कर. चिंच जास्ती घाल, न्हाय तर भाऊंच्या घशाला खाजंल." बाकीची पानं मैनानंच खुडली, कारण तिला दोनातच दम लागला.

त्या आठवड्यापासून मी या गोळीच्या प्रत्येक पुडीवर, नावाखाली आणि वेळेखाली, एक ओळ लिहायला लागलो. बरं वाटलं तरी गोळी बंद करू नये. कितीही रांग असो. खाचर आणि खेकडे अजूनही सांगतो, पण कापणीपर्यंत सांगतो, आणि मग अळवापाशी आणून सोडतो.

गोदूबाई पुन्हा मंगळवारी बाजारात बसायला लागली. वर्षानं डॉक्टरांनी गोळी कमी करायला घेतली, तीनाच्या दोन, मग काही महिन्यांनी दोनाची एक. एकदा घाई झाली आणि तिला पहाटे जाग यायला लागली, तशी ती स्वतःच येऊन म्हणाली, "डॉक्टर, येक बीळ लवकर मोकळं झालं. बुजवा." तिला लिहिता-वाचता येत नाही. पण पुडी हातात घेतली की ती उलटसुलट बघायची, खालची ओळ आहे की नाही ते. एकदा मी घाईत विसरलो तर पुडी परत आत सरकवली. "भाऊ, ती खालची वळ नाय लिवली."

तेवढं बरं होतं. माझंच काही खरं नव्हतं. एकोणऐंशीच्या पावसापासून मला थकवा यायला लागला. पाय सुजायचे, ते उभं राहून. चिडचिड वाढली, ती रांगेमुळं. पहाटे साडेतीनला डोळे उघडायचे आणि मी आढ्याकडं बघत पडायचो, ते वयामुळं. चहाला चव लागेना. अनसूया म्हणायची साखर तेवढीच आहे, मी म्हणायचो पावडर बदलली असणार. पुतणीच्या लग्नाला पुण्याला गेलो नाही, दवाखाना कुणावर टाकणार? बाटलीला चिकटवायच्या कागदी पट्ट्यांना मी डोसाच्या खुणांसाठी कात्रीनं चिरा पाडतो, तर त्या पाडता पाडता हात थांबायचा, आणि खिडकीतून कुणी ओरडलं की कळायचं. मला वाटायचं, वीस वर्षं कुणी एका जागी उभं राहिलं तर असंच होणार.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी गोदूबाई आली. पानांत बांधलेले खेकडे आतल्या दाराशी ठेवले, खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "न्या की भाऊ, कोन बघतंय?"

मी पुढं व्हा असंही म्हणालो नाही. तिची पुडी बांधत राहिलो.

ती हसली नाही. खिडकीवर कोपर टेकून माझ्याकडं बघत राहिली. मागं दोघंतिघं उभे होते, त्यांना म्हणाली, "थांबा जरा." मग मला, "तुमी कवापासनं आसं?"

"कसं?"

"आसं."

"थकलोय गोदूबाई. काम आहे."

"काम मलाबी व्हतं," ती म्हणाली. "भाऊ, बीळ वरनं दिसत नाय. पानी उतरलेलं दिसतं. मला दिसतंय."

मी म्हणालो, मला काही झालेलं नाही. माझा आवाज चढला. ती माझ्या आवाजाला कधीच भ्यायली नव्हती. आतल्या दारानं ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि मला ऐकू आलं, "डॉक्टर, ह्ये कंपोंडर बघा. त्यांचं आटलंय."

डॉक्टर दारात आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, नीट बघितलं, बहुधा वर्षभरात पहिल्यांदाच. मग त्यांनी बाकाकडं हात केला. त्या बाकावर मी वीस वर्षं लोकांना बसवलं, दाटीवाटीनं बसवलं, ओरडून सरकवलं. मी स्वतः त्यावर कधी बसलो नव्हतो. बसलो. गोदूबाई शेजारी बसली आणि माझा नंबर येईपर्यंत उठली नाही, तिची गाडी गेली तरी.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. ती घेऊन मी परत खिडकीच्या आत गेलो, कारण दवाखान्यात दुसरा कंपाउंडर नव्हता. कपाटातून तीच बाटली काढली, गोळ्या मोजल्या, कागद चौकोनी घडी घालून पुडी केली. वर माझंच नाव लिहिलं, खाली रात्री जेवणानंतर एक. टाक पुसायला लागलो.

"भाऊ," खिडकीबाहेरून गोदूबाई म्हणाली, "खालची वळ."

मी टाक परत बुडवला आणि लिहिली.